सिलिंडर हलतो, पण नेमका किती?

(वाचकांचे प्रश्न: या वेळी जुन्या रिव्हॉल्व्हरविषयी. उत्तरं देणारे खडकीच्या लष्करी वर्कशॉपातून निवृत्त झालेले आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारे कारागीर, आहेत.)

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्याकडे पुणे पोलीस आयुक्तांनी दिलेला स्वसंरक्षणाचा परवाना आहे. नात्यातले एक काका पूर्वी चहाच्या मळ्यावर मॅनेजर होते. आता वयोमानामुळे त्यांना आपलं स्मिथ अँड वेसनचं .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर विकायचं आहे. नळी साडेसहा इंची, रंग सुंदर, लाकडी मूठ. पण सिलिंडर बंद केल्यावरही पुढेमागे हलतो, आणि घोडा अगदी सावकाश ओढला तर एका घराला (काडतूस बसतं त्या भोकाला) सिलिंडर अडकल्याचा आवाज उशिरा येतो असं मला वाटतं. एका विक्रेत्याला विचारलं तर "जुनं हत्यार आहे साहेब, एवढं चालायचंच" म्हणाला. माझ्या मेहुण्याची भोसरीला टूलरूम आहे. तो म्हणतो, "आण इकडे, मायक्रॉनमध्ये करून देतो." घ्यावं का? आणि घेतलं तर दुरुस्त होईल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी मेहुण्यांचं बघू, कारण ते सगळ्यात महागात पडेल. त्यांच्या हाताबद्दल मला काडीची शंका नाही. भोसरी-चिंचवडला असे कारागीर आहेत की रिव्हॉल्व्हरचा कुठलाही भाग डोळे मिटून बनवतील. पण शस्त्र कायदा, १९५९ च्या पाचव्या कलमात हत्यार बनवायला आणि विकायला जसा परवाना लागतो, तसाच ते दुरुस्त करायला आणि तपासून द्यायलाही लागतो. टूलरूममध्ये साइडप्लेट, म्हणजे फ्रेमच्या बाजूचं झाकण, उघडली की मेहुणेही अडकले आणि तुम्हीही. काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्यायचं. तिथे घेऊन जायला काकांना जमत नसेल तर तिसऱ्या कलमात सोय आहे: परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी हत्यार नेऊ शकतो. लेखी म्हणजे लेखी. "काकांनी फोनवर सांगितलंय" हे नाक्यावरच्या हवालदाराला सांगून बघा!

दुसरं, खासगी विक्री करण्याआधी विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं असतं, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. तुमच्या परवान्यावर हा बोअर, म्हणजे नळीचं माप, बसतो का, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर आलेली दोन हत्यारांची मर्यादा तुम्ही ओलांडत नाही ना, हे त्याआधी आयुक्तालयात विचारून घ्या. तोवर हत्यार काकांचं, त्यांच्याच घरात, त्यांच्यासमोर बघायचं. घाई करू नका. हे दिवस तपासणीला वापरा.

आता सामान. रविवार पेठेत बोहरी आळीत फटी मोजायच्या पातळ पात्यांचा एक फीलर गेज घ्या, टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तोच, पण थाऊमध्ये मोजणारा आणि दीड-दोन थाऊच्या पातळ पात्यांपासून सुरू होणारा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे तुमचे मेहुणे सांगतीलच. एक बारीक टॉर्च आणि पांढऱ्या कागदाचा कपटा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगा. सिलिंडर उघडा, सहाही घरं डोळ्यांनी बघा आणि मग बोटानेही चाचपा. आमच्याकडे वर्कशॉपात हे दोन माणसांकडून करून घेत असत, आणि ते बरोबरच होतं.

पहिल्यांदा ओळख. साडेसहा इंची नळी म्हणजे हत्यार साधारण १९७९ च्या आधीचं. पुढे कंपनीने ती सहा इंची केली. सिलिंडर बाहेर काढला की फ्रेमवर योकच्या (ज्यावर सिलिंडर बाहेर उघडतो त्या हाताच्या) आड मॉडेलचा आकडा कोरलेला दिसतो, बहुधा २९-२ असेल. फ्रेममध्ये नळीच्या बुडाशी एक बारीक आडवी पिन दिसेल, ती १९८२ पर्यंत घालत. अनुक्रमांक मुठीच्या तळाला असतो, पण मोठ्या लाकडी मुठीखाली झाकला जातो. मूठ काढून तो नंबर परवान्यावरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. जुळला नाही तर पुढचं काही वाचू नका, तिथूनच परत फिरा.

मग तुमची खडखड. सिलिंडर बंद करून बोटाने मागे रेटा आणि नळीचं बूड व सिलिंडरचं तोंड यांच्यामधल्या फटीत फीलर गेजचं कुठलं पातं सैलसर जातं ते बघा. आता सिलिंडर पुढे रेटून पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे सिलिंडरचा पुढेमागे प्ले. समजा मागे रेटल्यावर नऊ आणि पुढे रेटल्यावर चार आले, तर प्ले पाच थाऊ. एक-दोन थाऊ असणारच, तीनच्या पुढे गेलं की काम काढायचं. याचं कारण साधं आहे. प्रत्येक बार उडाला की त्या दणक्याने सिलिंडर योकच्या नळकांड्यावर आपटतो आणि त्या नळकांड्याचं टोक थोडं थोडं ठेचलं जातं. एकदा सैल झालं की आपटायला जास्त वाव मिळतो, मग ठेचणंही वाढतं. म्हणून "चालायचंच" हे उत्तर मला पटत नाही. आज चालेल, पण त्या विक्रेत्याला वापरायचं नाहीये.

ही दुरुस्ती मात्र सगळ्यात सोपी. योकच्या टोकावर सिलिंडरच्या आत बसणाऱ्या दोन थाऊ जाडीच्या पोलादी शिम, म्हणजे पातळ चकत्या, येतात. पाच थाऊ प्ले असेल तर अशा दोन घातल्या की काम झालं. किंवा चांगला गनस्मिथ योकचं टोक खास हत्याराने ताणून देतो. पण लक्षात घ्या, शिमने सिलिंडर मागे ढकलला जातो, म्हणजे तुमची खरी फट मागे रेटून मोजलेली, नऊ थाऊ, तीच राहते. शिम घातल्याने फट कमी होत नाही. चार ते आठ उत्तम, दहापर्यंत मी काही बोलत नाही, बाराच्या वर मात्र गरम वायू आणि शिशाचे कण बाजूने जास्त उडतात. मग नळी उतरवून मागे घ्यावी लागते. पिन ठोकून काढायची, नळी सोडवायची, खांदा एका आट्याएवढा कापायचा. स्मिथच्या या फ्रेमला इंचात ३६ आटे, म्हणजे एक वळसा साधारण २८ थाऊ. तेवढी मागे आल्यावर बूड पुन्हा घासून फट सहा थाऊवर आणायची, फोर्सिंग कोन, म्हणजे गोळी नळीत शिरते ते निमुळतं तोंड, नव्याने कापायचा, आणि नेम धरायची समोरची माशी सरळ उभी आहे ना ते बघायचं. लेथ, जिग आणि स्मिथचा अनुभव असलेला माणूस, तिन्ही एका छपराखाली हवेत. पुण्यात हे काम मनापासून करणारा मला फारसा कोणी दिसत नाही. तुमची फट नऊच्या आसपास आली तर नळीला हातच लावू देऊ नका.

उशिरा येणारा आवाज जास्त महत्त्वाचा, आणि तुम्ही तो ऐकलात याचं मला कौतुक वाटलं. घोडा ओढताना हँड नावाची एक पट्टी वर सरकून सिलिंडरच्या मागच्या रॅचेटचा, म्हणजे दातेरी चक्राचा, एक दात ढकलते. घर नळीसमोर आलं की खालून स्टॉप उचलून सिलिंडरवरच्या खाचेत बसतो. तो 'टक्' घोडा पूर्ण मागे जाऊन अडकण्याच्या आधी, किंवा फार तर त्याच क्षणी यायला हवा. हे असं तपासा: डाव्या हाताच्या बोटाने सिलिंडरला हलकासा रोध द्या आणि घोडा अतिशय सावकाश मागे आणा. स्टॉप न बसताच घोडा अडकला तर ते घर मागे पडतंय. एकेका घराजवळ खडूची खूण करा आणि सहाही तपासा. मग चाप ओढून, म्हणजे डबल ॲक्शनमध्ये, पुन्हा सगळी.

एकच घर मागे पडत असेल तर त्या दाताची झीज झाली आहे. सहाही पडत असतील तर हँड झिजलाय. या भेदाला पैशाच्या भाषेत अर्थ आहे. हँड बदलता येतो. थोडा जाड हँड घेऊन तो हाताने बसवला की सहाही घरं जागेवर येतात. दात झिजला असेल तर हे दात ज्यावर असतात तो, पुंगळ्या बाहेर काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचा तारा बदलून सहा दात एकेक करून फाइल करावे लागतात, आणि सुटा भाग इथे मिळवणं हीच मोठी कसरत आहे. १९८० च्या दशकापासून आयातीवर निर्बंध असल्यामुळे आपल्याकडे जुन्या विलायती हत्यारांच्या किमती चढलेल्या आणि भाग दुर्मीळ. तुमचं वर्णन एका घराचं आहे, त्यामुळे पक्की तपासणी झाल्याशिवाय काकांशी आकडा ठरवू नका. आणि मागे पडणाऱ्या घरातून बार काढू नका. गोळी नळीच्या तोंडावर खरवडली जाते, शिशाची किरच शेजारच्या माणसाच्या गालावर बसते. बालेवाडीच्या रेंजवर उगीच नाही सगळ्यांना चष्मा घालायला लावत.

आता आडवा प्ले. घोडा खाली सोडून चाप पूर्ण मागे दाबून धरा आणि सिलिंडर डावीउजवीकडे हलवा. स्मिथमध्ये जरासा हलतो, त्याने घाबरू नका. जुन्या कोल्टमध्ये तो भिंतीसारखा उभा राहतो, पण ती रचनाच निराळी. सहा घरांत एखादंच जास्त हलत असेल तर त्याच्या खाचेची कड बघा. भरभर चाप ओढणाऱ्याच्या हातात खाचेची एक कड फुगते. रुंद स्टॉप बसवून बरंच सावरता येतं.

मॉडेल २९ ची एक जुनी तक्रार इथेच सांगतो. जड गोळीची, पूर्ण ताकदीची काडतुसं भराभर झाडली की दणक्याने स्टॉप खाचेतून उडायचा आणि सिलिंडर उलटा फिरायचा. पुन्हा घोडा ओढला की तेच झाडलेलं काडतूस समोर! कंपनीने १९८० च्या दशकाच्या शेवटी खाचा लांब केल्या आणि आतल्या कामात फरक केले. काकांचं हत्यार त्याआधीचं. हा दोष फारसा झिजेचा नाही, त्यामुळे दुरुस्तीने तो जाणार नाही. सवयीने टाळता येतो. .४४ मॅग्नमच्या घरात .४४ स्पेशल काडतूस चालतं. ते बरोबर एक सूत आखूड आहे आणि त्याचा कमाल दाब १५,५०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), मॅग्नमचा ३६,०००. सरावाला स्पेशल मिळालं तर हत्यार तुमच्या मुलालाही पुरेल. मात्र आखूड काडतुसांची काजळी घराच्या मधोमध कडं करून बसते. ती ब्रशने काढली नाही तर मॅग्नमची पुंगळी त्याच जागी चिकटून बसते आणि माणूस म्हणतो, "घर खराब झालं."

आता ज्याने व्यवहार मोडावा अशा गोष्टी. घोडा पूर्ण मागे अडकवा, चापाला हात लावू नका, आणि अंगठ्याने घोडा मागून जोरात पुढे ढकला. पडला तर तिथेच उठा. कुणीतरी चाप हलका करायला कानशीने सीअर, म्हणजे घोडा अडवून धरणारी कड, खाल्लेला आहे. घोडा आणि चाप वरवरच कडक केलेले असतात, काही थाऊंपुरते. त्याखाली पोलाद मऊ. एकदा ती साल गेली की ते पुन्हा घासून टिकत नाही, दोन्ही भाग नवे लागतात. त्याच माणसाने मुठीच्या पुढच्या पट्टीतला खालचा स्क्रूही सैल केलेला असतो, कारण मेनस्प्रिंगचा ताण तोच धरतो. तो पूर्ण आवळलेला असला पाहिजे, नाहीतर ऐन वेळी टोला हलका बसतो. दुसरी गोष्ट नळी. पाठीमागे कागदाचा कपटा धरून त्यावर टॉर्च मारा आणि समोरून नळीत बघा. नळीच्या आतल्या पीळदार खाचांमध्ये कुठे काळसर कडं दिसलं आणि बाहेरून बोट फिरवल्यावर तिथेच उंचवटा लागला, तर कधीतरी अडकलेल्या गोळीमागे दुसरी झाडली गेली आहे. तिसरी, फोर्सिंग कोनला तडा. खालच्या बाजूला, उजेड तिरका पाडून बघा. या तिन्हींपैकी एक जरी निघालं तर काकांकडे चहा प्या आणि विषय बदला.

फ्रेमच्या वरच्या पट्टीवर, नळी आणि सिलिंडरमधल्या फटीच्या बरोबर वर, एक बारीक कोरलेली रेघ दिसेल. लोक तिला बघून दचकतात. गरम वायूने ती पडते, थोडी खोल गेली की आपोआप थांबते. किंमत पाडायला उपयोग करा, काळजी करू नका.

राहिला योक. सिनेमातल्यासारखा मनगटाला झटका देऊन, स्कूटरच्या डिकीचं झाकण आपटावं तसा सिलिंडर बंद करणारे महाभाग आहेत. त्याने योक वाकतो. त्याबरोबर एक्स्ट्रॅक्टरचा दांडाही तपासा: सिलिंडर उघडून बोटाने फिरवा. मधला दांडा डगमगताना दिसला तर दांडा वाकलाय किंवा सैल झालाय. सैल असेल तर आवळायला घाई नको, कारण तुमच्या मॉडेलला उलटे आटे आहेत. नेहमीच्या हिशोबाने आवळायला गेलात तर सोडवत बसाल. शिवाय रिकाम्या पुंगळ्या घरांत घातल्याशिवाय आवळला तर ताऱ्यावर पीळ बसतो. हेही गनस्मिथचंच काम, पण तो पुंगळ्या घालतो का एवढं बघून ठेवा. माणूस कळतो. तसंच साइडप्लेट. स्क्रू काढून फ्रेमच्या मुठीला लाकडी दांड्याने टिचक्या मारल्या की ती आपण होऊन उचलली जाते. फटीत स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटणाऱ्याकडून हत्यार परत घ्या.

माझं मत विचाराल तर: तुम्ही लिहिलंय तेवढंच असेल, म्हणजे प्ले आणि एक आळशी घर, तर घ्या, पण गनस्मिथने दिलेला खर्चाचा अंदाज किमतीतून वजा करूनच. काका नात्यातले आहेत म्हणून मोजायला लाजू नका.

प्रश्न : मुळशीत आमचं शेतघर आहे. कानपूरच्या कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर चामडी पाकिटात घालून कपाटात असतं. दर पावसाळ्यानंतर सिलिंडरवर तांबूस डाग येतात. चांगलं तेल कोणतं?
— एक शेतकरी, पौड

उत्तर : तेल बदलून उपयोग नाही, पाकीट बदला. खरं तर पाकिटातून काढा. चामडं ओलावा धरून ठेवतं, कमावतानाचे क्षारही त्यात असतात, आणि मुळशीच्या आषाढात ते महिनोन्महिने वाळत नाही. रिव्हॉल्व्हर तेलाच्या फडक्यात हलकं पुसून, रिकामं, कुलपाच्या लोखंडी पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. काडतुसं वेगळ्या कुलपात. हाताळल्यावर प्रत्येक वेळी पुसा, कारण घामाचा ठसा दोन दिवसांत उमटतो. तांबूस पावडर असेल तर तेल आणि अगदी बारीक स्टील वूलने निघते. नखाला खड्डा लागत असेल, विशेषतः घरांच्या आत, तर पुंगळी तिथे चिकटेल. ते दाखवून घ्या.

प्रश्न : सेकंडहँड घेतलेल्या रिव्हॉल्व्हरचा रंग गेलाय. नवा रंग किंवा क्रोम करून घेतलं तर किंमत वाढेल का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : उलट. रंगाआधी बफिंग करतात आणि वाईट बफिंगमध्ये कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात, कंपनीची अक्षरं पुसट होतात. जाणकार माणूस तेवढं बघूनच किंमत पाडतो, कारण त्याला वाटतं, काहीतरी लपवलंय. आणि अनुक्रमांक पुसट झाला तर ती बाब सौंदर्याची राहत नाही. ओळखखुणा पुसणं किंवा बदलणं आठव्या कलमाखाली गुन्हा आहे. गंजायला लागलं असेल तर रंग अवश्य द्या, पण परवानाधारकाकडेच. देण्याआधी नंबराचा आणि सगळ्या खुणांचा जवळून फोटो काढा, आणि तो नंबर त्याच्या पावतीवर त्याच्याच हाताने लिहून घ्या.